चाकूची परीक्षा खिळ्यापाशी

घडीच्या चाकूबद्दल एक मत सध्या फार ठासून मांडलं जातं. पातं जाड हवं, पोलाद होईल तेवढं कडक हवं, आणि उघडलेल्या चाकूच्या पाठीवर हातोडा हाणला तरी तो मिटता कामा नये. असा असेल तोच दणकट चाकू. पुरावा म्हणून चित्रफिती दाखवतात: पातं ओंडक्यात ठोकलेलं, मुठीला वजनं टांगलेली, पत्र्याच्या पिंपात टोक खुपसलेलं. रत्नागिरीतले तरुण बागायतदारही आता याच मापाने चाकू निवडायला लागले आहेत, म्हणून लिहायला बसलो. हे माप चुकीचं आहे.

त्यातलं खरं आहे तेवढं आधी मान्य करतो. खटका सुटून पातं बोटांवर मिटलं तर काय होतं हे सांगायला नको. फ्रान्समधल्या ओपिनेल चाकूला १८९० पासून खटका नव्हता; पातं अडवणारं फिरतं कडं १९५५ मध्ये आलं, आणि चाकू वापरणाऱ्याचा हात त्यामुळे सुरक्षित झाला. नव्या चाकूचा खटका पाठीवरच्या हलक्या थापेने सुटत असेल तर तो घेऊच नये. इथवर वाद नाही.

पण हलकी थाप वेगळी आणि हातोड्याचा घाव वेगळा. पातं ९ सेंटिमीटर लांब आहे आणि ते ज्या खिळ्यावर फिरतं त्यापासून खटका ६ मिलिमीटरवर टेकतो असं धरा. टोकावर १० किलोचा भार आला की खटक्यावर १५० किलोचा येतो. साधी तरफ आहे ती. पातं कितीही जाड केलं तरी हे गणित बदलत नाही. चाकू हरतो तो सांध्यात. ज्याला घाव घालायचा आहे त्याच्यासाठी कोकणात कोयता आहे. ट्रकच्या कमानपाट्यातून लोहाराने घडवलेला, पाणी देऊन पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा काढलेला, कमरेला आकडीत अडकवलेला. त्याला सांधाच नाही. कोयत्याचं काम चाकूकडून करून घ्यायचं आणि ते जमलं म्हणून चाकूला शाबासकी द्यायची, याला परीक्षा म्हणता येत नाही.

मग घडीच्या चाकूचं खडतर काम कोणतं? जुलैत एखाद्या रोपवाटिकेत जाऊन बघा. कोय कलमं बांधणं चालू असतं. आंब्याच्या कोयीतून वर आलेलं, तांबूस पानांचं जेमतेम दोन आठवड्यांचं रोप हातात घ्यायचं, शेंडा छाटायचा, मधोमध चार-पाच सेंटिमीटर खाच द्यायची. तेवढ्याच जाडीच्या हापूसच्या काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, खाचेत बसवायची, प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळायची. पाचरेची बाजू एका ओढीत, आरशासारखी सपाट निघावी लागते. पातं खिळ्यापाशी केसभर जरी हललं, तरी काप लाटेसारखा येतो, मधे पोकळी राहते, साल सालीला भिडत नाही आणि कलम मरतं. हात मात्र दिवसभर हेच करत असतात, तेही पावसात, चिकाने माखलेल्या बोटांनी. या कामाच्या चाकूचं पातं पातळ असतं. जाड पातं काडी कापत नाही, फोडतं. आणि खिळ्याचं म्हणाल तर, आपल्या भाषेत मोडकळीला आलेल्या वस्तूला खिळखिळी म्हणतात. त्या शब्दात मला खिळाच ऐकू येतो.

राहिला कडकपणा. कडकपणाचा आकडा धार किती टिकेल याचा अंदाज देतो. पात्याचा तुकडा पडेल की ते वाकेल, गंजेल की नाही, हे तो एकटा सांगत नाही. दणकट म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक चाकूंत डी२ पोलाद असतं. त्यात सुमारे १२ टक्के क्रोमियम, म्हणजे कागदावर ते गंजू नये. पण दीड टक्क्याच्या आसपास असलेला कार्बन त्यातलं बरंचसं क्रोमियम स्वतःशी बांधून ठेवतो, आणि गंज अडवायला उरतं ते अपुरं पडतं. कोरड्या मुलखात हे खपून जाईल. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि मिरकरवाड्याच्या धक्क्यावर तर पावसाशिवायही हवेतच मीठ असतं.

माझाच अनुभव सांगतो. चित्रफिती बघून मी एक चाकू घेतला होता. पातं चार मिलिमीटर जाड, घाव घातले तरी खटका हलत नव्हता. पहिल्या पावसाळ्यानंतर उघडला तर अर्ध्यातच अडकला. पातं वरून ठीक दिसत होतं, पण खिळ्याभोवतीच्या चकत्या तांबड्या चिखलासारख्या झाल्या होत्या. स्क्रूची खाच नेहमीच्या पेचकसाला बसणारी नव्हती आणि वर तो चिकटवलेला होता. गावातल्या लोहाराने तो चाकू हातात फिरवला आणि परत दिला. त्याच लोहाराने माझ्या आजीच्या अडकित्त्याचा झिजलेला खिळा दोनदा बदलला आहे. तो अडकित्ता आजही सुपारी कातरतो.

म्हणून चाकू घेताना मी आता एवढंच बघतो. उघडून पात्याचं टोक चिमटीत धरायचं, डावी-उजवीकडे हलवायचं, आणि नजर खिळ्यावर ठेवायची. खिळा घरच्या हत्याराने आवळता आणि सोडवता येतो का? मुठीच्या आतली घाण काडीने काढता येते, की आत बंद खबदाडच आहे? मूठ लाकडाची असेल तर पावसात ती फुगून पातं आवळून धरेल; ओपिनेललाही हे चुकत नाही. मग घेतलेला चाकू मिठाच्या पाण्यात बुडवून रात्रभर तसाच ठेवायचा आणि सकाळी एका हाताने उघडायचा. माझ्या मते हातोड्याच्या दहा घावांपेक्षा ही एक रात्र चाकूबद्दल जास्त सांगते.

ओळखीतले एक काका गेली कित्येक वर्षं एकाच चाकूने कलमं बांधतात. पातं धार लावून लावून निम्मं झालंय. संध्याकाळी ते चीक राखेने घासून काढतात, पातं पुसतात, खिळ्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडतात (खोबरेल थंडीत थिजतं, म्हणून ते नको) आणि चाकू पाच-सहा वेळा उघडमीट करतात. त्या वेळी त्यांचा कान चाकूकडे असतो. आवाज बदलला की दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी ते लोहाराकडे थांबतात.