कापणीचा रविवार

सत्र परीक्षेचं वेळापत्रक, दसऱ्याचं सोनं, भुलाबाईची खिरापत, चर्चमधल्या कापणीच्या सणाची तयारी आणि मधूनच येऊन दाणादाण उडवणारा परतीचा पाऊस. ऑक्टोबर लागला की हे सगळं पाठोपाठ दारात येतं, आणि भंडाऱ्यातल्या ख्रिस्ती घरातल्या आईला ते स्वयंपाकघरातल्या एकाच कॅलेंडरवर बसवायचं असतं. घरात दोन मुलगे, धाकटा तिसरीत, थोरला सहावीत, असं धरून चाला. धाकट्याला परीक्षेची फिकीर नाही. थोरल्याला फक्त मंडईच्या जत्रेची तारीख हवी आहे.

या जिल्ह्यात शरदाचा हिशेब धानावर चालतो. जुलैत रोवणी आटोपली की हलकं धान हाती येतं दिवाळीच्या आसपास. भारी धान त्यानंतर, पार नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत. कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले तलाव, ज्यांना आता माजी मालगुजारी तलाव म्हणतात, त्यांचं पाणी याच दिवसांत शेवटचं सोडलं जातं. भारी धान त्यावर पोसतं. कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पडल्या असताना पाऊस आला, की दाणा काळा पडतो आणि गावभर एकच विषय होतो. उभ्या धानातच लाखोळी फेकून पेरण्याचीही हीच वेळ. तलावांतून ढिवरांनी काढलेले शिंगाडे उकडून बाजारात येतात. हिरवे, काळे, टोचणारे, पोरांच्या खिशांना भोकं पाडणारे.

ख्रिस्ती घरं शहरात पुष्कळदा पगारावरची असतात. कुणी शिक्षिका, कुणी नर्स, कुणी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत. बांधी स्वतःची नसली तरी धानापासून सुटका नाही. शेजारी, शाळेतल्या मित्राचे वडील, भाजीवाली, सगळे त्याच चक्रात फिरत असतात, आणि मुलं त्या सगळ्यांच्या घरांत वावरतात.

पहिला पेच भुलाबाईचा. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या मुली संध्याकाळी भुलाबाई-भुलोजी मांडून गाणी म्हणतात. हा मुलींचा खेळ. मुलगे गाण्यांना नाक मुरडतात आणि खिरापत ओळखायच्या वेळी बरोबर हजर होतात. डबा हलवून आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, "गोड का तिखट?" विचारायचं. धाकटा यात तरबेज. तो मुरमुऱ्याचा चिवडा आणि पोह्यांचा चिवडा नुसत्या आवाजावरून वेगळा सांगतो. आईला त्याचं कौतुकही वाटतं आणि प्रश्नही पडतो, कारण देवापुढे ठेवलेला खाऊ खावा की नाही, यावर चर्चमध्ये सगळ्यांचं एकमत नाही. कुणी म्हणतं, मुलांना दूर ठेवा. कुणी म्हणतं, शेजाऱ्याने प्रेमाने दिलेलं परत कसं करायचं?

हा वाद भंडाऱ्यात जन्मला नाही. इसवी सनाच्या 55 च्या सुमारास करिंथ शहरातल्या नव्या ख्रिस्ती मंडळीने पौलाला हेच विचारलं होतं. तिथल्या मूर्तींपुढे वाहिलेलं मांस बाजारात विकायला येई आणि मेजवान्यांत वाढलं जाई. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्यावर 8 वा आणि 10 वा असे दोन अध्याय खर्च केले. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बाजारातलं खा, जेवायला बोलावलं तर पुढ्यात आलेलं चौकशी न करता खा; पण हे वाहिलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं, तर त्या सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून थांबा. 2,000 वर्षांपूर्वीचा हा सल्ला तिसरीतल्या मुलाला समजावायचा म्हणजे कसरत आहे. "मग खिरापत बाजारातली का वाहिलेली?" असं तो विचारतो. आई शेवटी सरळ नियम करते: आरतीला उभं राहायचं नाही, खेळायला जायचं, आणि काकूंनी हातावर ठेवलं तर "थँक्यू काकू" म्हणायचं. हा नियम सगळ्या मंडळीला पटेल असं नाही. तिच्या घरापुरता तो चालतो.

ताटावरून होणारी अशी ओढाताण मराठी ख्रिस्ती घरांनी उलट्या बाजूनेही पाहिली आहे. 1890 च्या दशकात कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते. तो लोहमार्ग आजही भंडारा रोड आणि तुमसर रोडवरूनच पुढे जातो. त्या प्रवासात डब्यातल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांच्या हाती बायबल दिलं, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. मागे राहिल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि 1891 मध्ये जन्मलेला मुलगा दत्तू. त्यानंतरची काही वर्षं नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली आणि मुलगा दोघांच्या मध्ये, अशी गेली. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचं सोवळं एकदम सुटलं नाही. माणसामाणसांतली उच्चनीचता देवाने केलेली नाही, हे मनाला पटल्यावरच त्यांनी शिवाशिव सोडली आणि 1900 मध्ये राहुरीला बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहिलं. 1934 पासून भागाभागाने निघालेलं ते पुस्तक मराठी वाचकाने कधी परकं मानलं नाही. भंडाऱ्यातल्या आईला लक्ष्मीबाईंचा आधार वाटतो तो त्यांच्या मिश्कीलपणामुळे. घरातल्या धर्माच्या गोंधळावर हसता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं. रेव्हरंड टिळकांना तर तिची मुलं शाळेतून ओळखतात. 'केवढे हे क्रौर्य' पाठ करणाऱ्या वर्गात हे कवी ख्रिस्ती होते हे ठाऊक असलेला बहुधा एकच मुलगा असतो, आणि तो ते सगळ्यांना सांगून मोकळा होतो.

कोजागिरीला दूध आटवण्यात तर तिला काहीच अडचण वाटत नाही. उलट त्या रात्री गच्चीवर मुलांना सांगायला तिच्याकडे जुन्या करारातली गोष्ट असते. लेवीय पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात मंडपांच्या सणाची आज्ञा आहे: सातव्या महिन्याच्या 15 व्या दिवसापासून 7 दिवस इस्राएल लोकांनी फांद्यांच्या मांडवात राहायचं. पीक घरात आल्यानंतरचा हा सण. ज्यूंचे महिनेही चंद्रावर चालतात, म्हणून हा 15 वा दिवस पौर्णिमेचाच असतो. 2024 मध्ये 16 ऑक्टोबरला आणि 2025 मध्ये 6 ऑक्टोबरला, भंडाऱ्यात कोजागिरीचं दूध उकळत होतं त्याच संध्याकाळी जगभरच्या ज्यू घरांत मंडपांचा सण सुरू झाला. हे ऐकून थोरल्याने गच्चीवर चादर आणि दोन बांबू घेऊन मांडव घालायला काढला, तर त्याला अडवायचं कसं? रानडुकरं हाकायला बांधीत मचाण घालून रात्र काढणारे शेतकरी त्याने पाहिलेले असतात. त्याच्या मांडवात म्हणून गुलेलही असते.

कापणीचा सण मात्र चर्चचा हक्काचा. ज्या रूपात तो आज दिसतो ते रूप इंग्रजी आहे: कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेन्स्टो गावच्या रॉबर्ट हॉकर नावाच्या पाळकाने 1843 च्या ऑक्टोबरात आपल्या चर्चमध्ये पिकाबद्दल उपकारस्तुतीची उपासना ठेवली, आणि ती चाल बघता बघता सगळीकडे पसरली. दोनच वर्षांनी, 1845 मध्ये, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूर मिशन सुरू केलं. पुढे भंडाराही त्या मिशनचं ठाणं झालं. गव्हाच्या देशातला सण धानाच्या देशात आला, तेव्हा त्याला इथलं वेळापत्रक मानावं लागलं. इंग्लंडात सप्टेंबरअखेर कोठारं भरलेली असतात. भंडाऱ्याच्या या झाडीपट्टीत तेव्हा लोंब्या नुकत्या दाटत असतात. त्यामुळे पाळकसाहेब तारीख ठरवताना कापणीचा अंदाज घेतात, दिवाळीच्या सुट्ट्या बघतात आणि पाऊस आड येऊ नये म्हणून प्रार्थनाही करतात.

त्या रविवारी वेदीपुढे धानाच्या पेंढ्या, तांदळाची पोती, कोहळे, वांगी, केळीचे घड, अंडी, पाय बांधलेली एखादी कोंबडी असं सगळं मांडलेलं असतं. उपदेश चालू असताना कोंबडी मध्येच बोलते आणि पोरांची मागची रांग हसू दाबते. उपासनेनंतर लिलाव. इथे मोठ्यांचीही मुलं होतात. भोपळ्यावर दोन काका ईर्ष्येने बोली चढवतात आणि बाजारभावाच्या पाचपट पैसे मोजून तोच भोपळा पाळकांच्या घरी पाठवून देतात. पैसा मंडळीच्या कामाला जातो. धाकट्याने साठवलेल्या पैशांतून अंड्यांवर बोली लावलेली असते, आणि ती अंडी घरी सुखरूप पोचवण्याची जबाबदारी अर्थातच आईवर येते.

पोतं विकत आणून चर्चमध्ये ठेवणं सोपं आहे, पण तिला ते पुरेसं वाटत नाही. म्हणून लिलावाच्या आधीच्या शनिवारी ती मुलांना ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधीवर घेऊन जाते. कापणाऱ्या बाया वाकून सपासप विळे चालवत असतात. मुलांच्या हाती विळा कुणी देत नाही. कडपा गोळा करायला मिळतात. अर्ध्या तासात पोटऱ्यांना धानाची कूस लागून खाज सुटते आणि शेतीची हौस फिटते. तिथून आणलेली एक पेंढी चर्चमध्ये ठेवताना मात्र थोरला ती कुणाच्या बांधीतली हे प्रत्येकाला सांगत सुटतो.

दिवाळीत घरापुढे दिवे लावायचे का, यावर दरवर्षी चर्चा होते, आणि दरवर्षी पोरांचं मत जिंकतं. फराळाचा हिशेब त्याहून अवघड. मराठी ख्रिस्ती घरात चकल्या, करंज्या, अनारसे नाताळला होतात. शेजाऱ्यांची ताटं दिवाळीत येतात आणि परतफेड डिसेंबरात जाते. मुलांना हा व्यवहार फायद्याचा वाटतो, कारण त्यांना दोन्हीकडचं मिळतं. पाडव्याला गोवारी गायी सजवून गायगोधनाला निघतात, तेव्हा ढोलकीच्या आवाजाबरोबर ही दोघंही रस्त्यावर. नंतर भाऊबीजेपासून मंडया सुरू. गावं आपापल्या मंडईचा दिवस वेगळा ठरवतात, म्हणजे पाहुण्यांना सगळीकडे जाता येतं. दिवसा मिठाई, खेळणी, पाळणे. रात्री दंडार, खडी गंमत, नाहीतर झाडीपट्टीचं नाटक. नाटक पहाटेपर्यंत चालतं, आणि शनिवारी असलं तर त्याची गाठ थेट रविवारशी पडते.

"आई, मले बी जाऊ दे ना मंडईले," थोरला आठवडाभर घोकतो.

"जाजो. पण सकाळी शब्बाथशाळेले उठजो," आई म्हणते.

तो उठतो. आणि शब्बाथशाळेत दावीद-गल्याथाच्या गोष्टीला खलनायकाचं हसू हसून दाखवतो, रात्री रंगमंचावर ऐकलं तसंच.

मधे 2 नोव्हेंबर येतो. त्या दिवशी मृतांची आठवण करण्याची रीत कॅथलिक घरांत पक्की आहे आणि इतर मंडळ्यांतही कित्येक कुटुंबं कबरस्तानात जातात. गवत उपटायचं, चुना लावायचा, झेंडूची फुलं आणि मेणबत्त्या ठेवायच्या. दिवाळी नुकती सरलेली असली तर झेंडू स्वस्त मिळतो. आजोबांच्या कबरीवरचं नाव बोटाने गिरवत धाकटा जन्म-मृत्यूच्या सालांची वजाबाकी करतो. सत्र परीक्षेत गणितात गेलेले गुण इथे भरून निघतात.

नोव्हेंबरअखेर भारी धान कापून होतं, पुंजणे रचले जातात, आधारभूत खरेदी केंद्रांपुढे रांगा लागतात. चर्चचीही या दिवसांतली एक आठवण आहे: उत्तर भारतातल्या 6 चर्चसंस्था एक होऊन 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. त्या सोहळ्याची वर्णनं मंडळीतले म्हातारे याच सुमारास काढतात आणि मुलं ऐकल्यासारखं करतात. कारण 30 नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो आणि नाताळच्या नाटकातल्या भूमिका वाटल्या जातात. थोरल्याला यंदा हेरोद व्हायचंय, खलनायकाच्या हसण्याची तयारी झालेलीच आहे. धाकट्याला मेंढपाळ करायचं ठरलंय, पण त्याची अट आहे की बकरी खरी हवी. बकरी कुणाकडून आणायची याची चौकशी आईने त्या बांधीवाल्या शेतकऱ्याकडे सुरू केली आहे, आणि चकलीच्या भाजणीसाठी नवं धान कांडून आणायचं कामही त्याच फेरीत उरकायचा तिचा विचार आहे.