मनीऑर्डर थांबली तेव्हा

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि इथे नांदगावात पोस्टमन घरांवरून न थांबता पुढे जाऊ लागला. फी थकलेल्या मुलांची नावं वर्गात वाचण्याचं काम माझ्याकडे होतं. अजून लाज वाटते.

कोकण सावरलं ते १९९० नंतर रोजगार हमीतून झालेल्या फळबागांमुळे आणि १९९८ च्या कोकण रेल्वेमुळे, असं म्हणतात. खरं आहे, पण अर्धंच. तोवरची वर्षं घरच्या बायकांनी काढली. लावणीची मजुरी, कुळीथ, उसनवारी... कुठल्या अहवालात आहे हा हिशोब?

आता भरवसा आंबा-काजूवर. मोहोर गळला तर काय, असं शेजारच्या पोराला विचारलं. म्हणाला, "गुरुजी, मुंबय आसा मां!"