स्वस्त गिगाबिट कार्डाचा हिशेब

पेढीवरचे काम संथ झाले की दोष बहुधा संगणकाच्या वयाला दिला जातो, नाहीतर हिशेबाच्या प्रणालीला. पाच-सहा टेबलांवरून एकाच वेळी खाती उघडली जात असतील, तर अडथळा पुष्कळदा भलत्याच ठिकाणी असतो. संगणकाच्या पाठीमागे जिथे केबल खोचलेली असते, तिथले नेटवर्क कार्ड हा साऱ्या खर्चातला सर्वांत क्षुल्लक जिन्नस. म्हणूनच कदाचित त्यावर घासाघीस सर्वांत जास्त होते.

तांब्याच्या साध्या केबलवरून सेकंदाला एक अब्ज बिट नेणारे गिगाबिटचे मानक १९९९ साली ठरले. एक अब्ज बिट म्हणजे १२५ मेगाबाइट. त्यातून बारदानाचे वजन वजा करावे, तसा पाकिटांवरचा पत्ता-मजकूर वजा जाता निव्वळ माल सुमारे ११७ मेगाबाइट उरतो. जुन्या शंभर मेगाबिटच्या कार्डावर हाच आकडा बाराच्या आत राहतो. फरक कळतो तो रोजच्या बॅकअपला. पन्नास गिगाबाइटच्या हिशेबाची प्रत काढण्यास जुन्या कार्डावर तासाहून अधिक वेळ जातो. गिगाबिटवर, डिस्कने साथ दिल्यास, सात-आठ मिनिटे. संध्याकाळी चौविहारासाठी घर गाठण्याची घाई असताना दुकान वाढवून कोणी तासभर थांबत नाही. प्रत उद्यावर जाते, आणि डिस्क बिघडते ती नेमकी अशाच एखाद्या आठवड्यात.

बाजारातल्या स्वस्त कार्डांवर नावे निरनिराळी असतात, पण आतली चिप बहुधा एकाच घराण्याची, तैवानच्या रिअलटेकची असते. चिपवर खेकड्याचे चिन्ह दिसते. तेव्हा खोक्यावरच्या नावापेक्षा चिपचा क्रमांक विचारणे शहाणपणाचे. या घराण्याची अपकीर्ती जुनी आहे. शंभर मेगाबिटच्या ८१३९ या चिपसाठी फ्रीबीएसडी प्रणालीत ज्याने ड्रायव्हर लिहिला, त्याने त्या ड्रायव्हरच्या मजकुरातच चिपच्या हलकेपणावर जळजळीत शेरा लिहून ठेवला. कारणही रास्त होते: त्या चिपच्या रचनेमुळे आलेले प्रत्येक पाकीट प्रोसेसरला पुन्हा एकदा दुसऱ्या जागी उतरवून घ्यावे लागे. हमालाने माल दारातच टाकून जावा, तसा तो प्रकार.

पुढे गिगाबिटची ८१६९ आली, पण ती जुन्या पीसीआय खाचेत बसणारी. त्या मार्गाची एकूण क्षमताच १३३ मेगाबाइट, आणि तीही इतर कार्डांबरोबर वाटून घ्यायची. अशा कार्डाने पूर्ण वेग दिला नाही, यात चिपचा अपराध थोडा आणि रस्त्याचा मोठा. पीसीआय एक्सप्रेसच्या अगदी पहिल्या पिढीतही लहान खाचेला प्रत्येक दिशेने २५० मेगाबाइट मिळतात. त्यामुळे ८१११ किंवा ८१६८ चिपचे आजचे स्वस्त कार्ड साध्या नकलेच्या कामात महाग कार्डाच्या जवळपास पोहोचते. फरक पडतो तो गर्दीत. गिगाबिट पूर्ण भरून वाहत असता मोठ्या आकाराचीच पाकिटे सेकंदाला ऐंशी हजारांवर येतात. लहान असली तर कितीतरी अधिक. प्रत्येक पाकिटाने प्रोसेसरचे दार ठोठावले तर दुसरे काम व्हायचे कधी? चांगले कार्ड पाकिटे गोळा करून एकदाच वर्दी देते आणि पडताळणीची बेरीज स्वतःच करते. स्वस्त कार्डांनाही हे येते, मात्र ड्रायव्हर नीट असेल तरच.

खरी मेख तिथेच आहे. लिनक्समध्ये या चिपसाठी कर्नेलबरोबर येणारा आर८१६९ ड्रायव्हर आहे आणि कंपनीचा स्वतंत्र आर८१६८ आहे. एखादे कार्ड एकावर स्थिर चालते, तर दुसऱ्यावर मधूनच मान टाकते. विंडोजवर अडचण वेगळी. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने अनेक पेढ्यांवर प्रणाली बदलली जात आहे. नवी प्रणाली बसते, कार्ड ओळखले जात नाही, ड्रायव्हर इंटरनेटवर असतो आणि इंटरनेट त्याच कार्डातून यायचे असते! खोक्यातली सीडी घालायला नव्या संगणकात जागाही नसते. म्हणून जुनी प्रणाली पुसण्यापूर्वी ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावा.

कार्ड बदलण्याआधी केबलही पाहावी. शंभर मेगाबिटला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी जोडी सैल असली तर पुष्कळ कार्डे तक्रार न करता शंभरावर उतरतात आणि दोष मात्र स्वस्त कार्डाला लागतो. जोडणीचा वेग विंडोजच्या नेटवर्क माहितीत दिसतो. मधला स्विच जुना असला तरी परिणाम तोच.

टेबलांवरच्या संगणकांना स्वस्त कार्ड पुरे. ज्या मुख्य संगणकावर सर्व खाती आहेत आणि ज्यावर सगळ्यांची एकदम गर्दी होते, तिथे इंटेलसारख्या सर्व्हर वर्गातल्या चिपचे कार्ड घेणे परवडते. त्या नावाची बनावट कार्डेही बाजारात फिरतात, तेव्हा ते ओळखीच्या विक्रेत्याकडूनच घ्यावे आणि बिलावर चिपचा क्रमांक लिहून घ्यावा.