चुलीशेजारचे दुसरे भांडे

 ११ जानेवारीला मिझोरममध्ये सार्वजनिक सुट्टी असते. तिथे हा ‘मिशनरी दिन’. १८९४ साली याच दिवशी जे. एच. लॉरेन आणि एफ. डब्ल्यू. सॅव्हिज हे दोन तरुण इंग्रज त्लाँग नदीतून होडीने वर येत सायरंगला उतरले. त्या सायरंगला आता रेल्वे पोहोचली आहे. १३ सप्टेंबर २०२५ रोजी बैराबी-सायरंग मार्ग सुरू झाला. अवघ्या ५१ किलोमीटरमध्ये चाळीसहून अधिक बोगदे. तिथले डोंगर कसे उभे आहेत, ते एवढ्यावरून कळावे. आणि मिझो गाव वसते ते बहुधा डोंगराच्या माथ्यावर. पाण्याचा झरा खाली, शेत उतारावर, घर वर. अशा गावात कुणाला भेटायला जायचे म्हणजे आधी दम काढणारी चढण आलीच.

लॉरेन आणि सॅव्हिज यांच्याआधी या डोंगरांत बाहेरून आले ते बहुतकरून सैनिक. १८७१-७२ मध्ये आणि पुन्हा १८८९-९० मध्ये ब्रिटिशांनी लुशाई टेकड्यांवर, म्हणजे आजच्या मिझोरमवर, मोहिमा काढल्या, मग ठाणी बसली, कर सुरू झाला. त्यामुळे कर न मागणारे, हाताखाली शिपाई नसलेले हे दोन साहेब लोकांना कोड्यात टाकणारेच वाटले असणार. ऐझॉलला राहून त्यांनी पहिले काम केले ते ऐकण्याचे. मिझो भाषेला तोवर लिपी नव्हती. कानावर पडलेला एकेक उच्चार त्यांनी रोमन अक्षरांत बसवला, शब्द जमवले, व्याकरण मांडले, लूक आणि योहान यांची शुभवर्तमाने व प्रेषितांची कृत्ये यांचे भाषांतर केले. त्यांच्या पहिल्या शाळेत विद्यार्थी दोनच होते, सुआका आणि थांगफुंगा. १८९७ च्या अखेरीस ते ऐझॉल सोडून गेले, तेव्हा जवळजवळ चार वर्षांत एकाही मिझो माणसाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. पहिले दोन बाप्तिस्मे झाले १८९९ मध्ये, वेल्श मिशनरी डी. ई. जोन्स यांच्या काळात.

आम्हाला ही रिकामी चार वर्षे फार मोलाची वाटतात. आज कोणत्याही कामाचा हिशेब महिन्याच्या शेवटी मागितला जातो. त्या हिशेबात लॉरेन आणि सॅव्हिज नापासच ठरले असते. पण ज्या राज्यात २०११ च्या जनगणनेनुसार ८७ टक्क्यांहून अधिक लोक ख्रिस्ती होते आणि साक्षरता ९१ टक्क्यांच्या पुढे होती, तिथल्या प्रत्येक पाटीवर आणि प्रत्येक गीतपुस्तकात त्यांनी बसवलेल्या अक्षरांचा वंश आहे. पुढचे काम मात्र बहुतांशी मिझो माणसांनीच केले. गावोगावी पायी हिंडणारे, झूम म्हणजे फिरत्या शेतीच्या हंगामातून वेळ काढणारे, स्वतःच्याच बोलीत बोलणारे ते साधे श्रद्धावंत होते.

त्यांच्या प्रवासाला पैसा कुठून आला, हे पाहिले की एक सुंदर रीत समोर येते. मिझो भाषेत तिला ‘बुहफाइ थाम’ म्हणतात, म्हणजे मूठभर तांदूळ. घरची बाई भात शिजवण्यासाठी तांदूळ मोजते आणि त्यातली एक मूठ काढून वेगळ्या भांड्यात टाकते. रोज, प्रत्येक जेवणाच्या वेळी. भांडे भरले की तो तांदूळ मंडळीकडे, म्हणजे चर्चकडे, जातो, विकला जातो आणि त्यातून प्रचारकांचा, सेवेचा खर्च निघतो. विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेली ही रीत अजून चालू आहे. रोख पैसा जिच्या हाती क्वचितच येई, तिने चुलीपाशी उभे राहून एवढे मोठे काम पेलले. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘रयत’च्या शाळा आणि वसतिगृहे उभी राहिली त्यात मुष्टिफंडाचा, घराघरातून आलेल्या मूठभर धान्याचा वाटा होताच.

म्हणूनच आज मंडळीतर्फे डोंगरगावातल्या श्रद्धावंतांना भेटायला निघालेल्या स्वयंसेवकाने एक गोष्ट मनात धरून चढावे, असे आम्हाला वाटते. तो ज्या म्हातारीच्या घरी प्रार्थनेला बसणार आहे, तिच्याच मुठीतल्या तांदळावर तो इथवर पोहोचला आहे. घर तिचे, पाहुणा तो. तिने पुढे केलेला लाल चहा त्याने घ्यावा, तिच्या गुडघेदुखीची कथा पूर्ण ऐकावी, परगावी गेलेल्या मुलाचे नाव लक्षात ठेवावे. उपदेश नंतर.

हे ऐकणे जिथे कमी पडले, तिथे मिशनचेही चुकले आहे. मिझोंचा ‘खुआंग’, म्हणजे ढोल, सुरुवातीच्या काळात चर्चबाहेर राहिला. जुन्या चालीरीतींशी त्याचा संबंध म्हणून तो उपासनेला अयोग्य ठरला. पुढे पुनरुज्जीवनाच्या लाटा आल्या आणि लोकांनीच तो आत आणला. आज त्या ढोलाच्या ठेक्याशिवाय तिथले सामूहिक गायन कल्पताही येत नाही. उलट १९०८ मध्ये आलेल्या मिशनरी डॉ. पीटर फ्रेझर यांनी सरदारांच्या घरी ‘बोई’ म्हणून बांधले गेलेल्यांचे दुःख ऐकले, त्यांच्या सुटकेसाठी आवाज उठवला आणि त्यापायी इंग्रज प्रशासनाने त्यांना ते डोंगर सोडायला लावले. ऐकण्याची अशी किंमतही मोजावी लागते.

आपल्याकडे गोव्यातल्या साष्टीत राहून इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनीही ऐकूनऐकून मराठी अशी आत्मसात केली की १६१६ मध्ये छापलेले त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत उतरले. आजचा स्वयंसेवक मात्र सुट्टीच्या दिवशी जातो, खाऊ वाटतो, रांगेत उभे करून फोटो काढतो आणि अंधार पडायच्या आत खाली येतो. त्याच्या मनातल्या भल्या हेतूविषयी आम्हाला शंका नाही. त्याने फक्त एक रात्र तिथे राहावे, एवढीच आमची विनंती आहे. रात्री ढोल वाजेल, शेजारीपाजारी गोल बसून गातील, शब्द कळले नाहीत तरी ठेका कळेल. आणि पहाटे धुराने काळवंडलेल्या चुलीपाशी यजमानीण तांदूळ मोजताना दिसेल, दुसऱ्या भांड्याकडे हात नेताना.