करसवलत कोणाच्या आरोग्यासाठी?

फेब्रुवारी-मार्च उजाडला की कचेऱ्यांतून, बँकांतून आणि प्राध्यापकांच्या खोलीतूनही एकच चर्चा सुरू होते : यंदा कर कसा वाचवायचा? आरोग्यविम्याच्या हप्त्याची पावती हा त्यातला एक हमखास उपाय. कुटुंबाच्या आरोग्याची काळजी घेणाऱ्याला सरकारने सूट द्यावी, ही कल्पना चांगलीच आहे. परंतु ती सूट कोणाच्या पदरात पडते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

हिशेब साधा आहे. जुन्या करपद्धतीत स्वतःच्या कुटुंबाच्या आरोग्यविम्याचा २५,००० रुपयांपर्यंतचा हप्ता उत्पन्नातून वजा होतो. ज्याला ३० टक्के दराने कर बसतो, त्याचे यामुळे ७,५०० रुपये वाचतात. २० टक्के दर असलेल्याचे ५,०००. आणि केलगेरीहून धारवाडला दूध घालणाऱ्या एखाद्या माणसाने तेवढाच हप्ता भरला तर? त्याचे उत्पन्न करपात्र नाही, म्हणून त्याला शून्य! म्हणजे जितका पगार मोठा, तितका सरकारचा हातभार मोठा. २०२० साली आलेल्या नव्या करपद्धतीत तर ही वजावटच ठेवलेली नाही.

कोणी म्हणेल, जो कर भरत नाही त्याला सूट कशाची? हा युक्तिवाद मला पटत नाही. साबणाची वडी घेताना, चपला घेताना तो वस्तू व सेवा कर भरतोच. फक्त त्याची पावती त्याला कुठे जोडता येत नाही.

यावर उपाय आहे. उत्पन्नातून वजावट देण्याऐवजी करातूनच सर्वांना सारखी रक्कम कमी करावी, आणि ज्याला करच नाही त्याला ती रोख द्यावी. यालाच टॅक्स क्रेडिट म्हणतात. अमेरिकेने २०२१ साली मुलांसाठीचे असे क्रेडिट वाढवले आणि जुलै ते डिसेंबर दरमहा थेट कुटुंबांना दिले. अन्न, कपडे, भाडे, शाळा यांवरच लोकांनी ते प्रामुख्याने खर्च केले. त्या वर्षी तिथले मुलांतील दारिद्र्य ५.२ टक्क्यांवर आले. वाढीव मदत थांबताच २०२२ मध्ये ते १२.४ टक्क्यांवर गेले. गरिबाच्या हाती पैसा दिला तर तो उधळतो, या समजाला याहून चोख उत्तर कोणते?

आपल्याकडे हे अशक्य आहे असेही नाही. कर्नाटकात ऑगस्ट २०२३ पासून गृहलक्ष्मी योजनेखाली घरच्या कर्त्या स्त्रीच्या खात्यात दरमहा २,००० रुपये जमा करण्यास सुरुवात झाली. प्राप्तिकर भरणारी कुटुंबे त्यातून वगळली गेली. ज्या घरापर्यंत कराची सूट कधीच पोहोचत नाही, त्या घरापर्यंत सरकारी पैसा पोहोचवता येतो, हे यावरून दिसतेच. औषधाची चिठ्ठी आणि किराण्याची यादी यांत निवड करावी लागणाऱ्या घरात दोन हजारांचे मोल काय, हे अर्थशास्त्राचे पुस्तक न उघडताही कळते.

तिजोरीवर भार पडेल, ही शंका रास्त आहे. पण मोठ्या पगारदाराचे ७,५०० रुपये सोडून देणे हाही तिजोरीवरचा भारच आहे. त्याला आपण ‘सवलत’ म्हणतो आणि गरिबाला दिले की ‘खैरात’! आज वर्गात बसलेले आपल्यातील अनेकजण उद्या नोकरीला लागून करबचतीचे फॉर्म भरतील. जरूर भरावेत. मात्र ज्यांच्या हाती तो फॉर्म कधीच येत नाही, त्यांच्या आजारपणाचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा, हा प्रश्नही त्यांनी विचारावा.