वाण नाहीं, पण गुण लागला!

ढवळ्याशेजारीं बांधला पवळा, वाण नाहीं पण गुण लागला, हें शेतकऱ्याच्या घरांतलें पोरही म्हणतें. वाण म्हणजे जन्माचें. तें अर्धें आईचें, अर्धें बापाचें, बीजांतूनच येतें. शास्त्रज्ञ त्यास जनुक म्हणतात. गुणाला बीज लागत नाहीं. तो दावणीवरच्या शेजाऱ्याकडून येतो आणि सात वेशी ओलांडतो. सोळाव्या शतकांत फिरंग्यांनीं अमेरिकेची मिरची गोव्यास उतरविली. तिचा ठेचा करण्याची अक्कल कोणाच्या रक्तांतून आली हो? आज ती सोवळ्यांतल्या आमटींतही पडते. तेथें विटाळ नाहीं!

एवढा साधा भेद ज्यांना कळत नाहीं, किंवा कळून सोयीचा नाहीं, ते ऐटीनें सांगतात कीं, विद्या आमच्या रक्तांत आहे आणि नांगर तुमच्या. अहो, लिहिणेंवाचणें बीजांतून येत असतें, तर तुमच्या मुलांना पंतोजी कशाला लागले? आणि आमच्या मुलांना पाटीपासून दूर ठेवण्याची एवढी खटपट कां? जें चोरतांच येत नाहीं, त्याला कोणी कुलूप लावतो काय?

आतां त्या रक्ताचीच गोष्ट घ्या. हैदराबादच्या व अमेरिकेच्या संशोधकांनीं २०१३ सालीं सत्तरांवर जमातींचीं जनुकें तपासून प्रसिद्ध केलें कीं, सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीं ह्या देशांत दोन फार जुन्या लोकसमूहांची सरमिसळ झाली, आणि तिच्यापासून जवळजवळ कोणीच सुटलें नाहीं. ब्राह्मण नाहीं, भिल्लही नाहीं. कोणांत एक अंश अधिक, कोणांत दुसरा, एवढेंच. दार लागलें तें मागाहून. वरिष्ठ जातींत तें सुमारे ७० पिढ्यांपूर्वीं लागलें, असा बंगालमधील संशोधकांचा २०१६ चा हिशेब आहे. ब्रह्मदेवाच्या मुखांतून निघालेल्या शुद्ध रक्ताचें वय तें एवढेंच!

मग तें लागलें कसें? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९१६ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत वाचलेल्या निबंधांत ह्यांतली मेख दाखविली आहे. आपसांतच लग्न करणें हें जातीचें मर्म. तें आधीं ब्राह्मणांनीं धरलें आणि बाकीच्यांनीं पाहून उचललें, असें त्यांचें म्हणणें. म्हणजे जात हा वाण नव्हेच, लागलेला गुण आहे.

आणि बंधूंनो, येथें आपल्या घरांतही पाहिलें पाहिजे. भटशाहीला शिव्या दिल्या कीं आपण मोकळे होतों. पण आपल्या वाडवडिलांत विधवेचा पाट लागत होता, तो कमीपणाचा कोणीं ठरविला? कित्येक जातींत मुलीच्या बापाला देज मिळत असे. तेथेंच आज मुलीचा बाप हुंड्यापायीं रान विकतो. वरच्याची नक्कल खालीं उतरतांना अशी उलटीपालटी होते, आणि नकलेची नक्कल मुळाहून कडक निघते. सुतारांत पोटजाती, कुंभारांत पोटजाती, मराठ्यांत कुळीची मोजदाद! ज्याला त्याला आपल्या खालीं लावायला एक दार सांपडलें.

ह्या गुणानें पुढें वाणालाही दावें लावलें. लहानशा घेऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी झाल्या म्हणजे एखाद्या जुन्या पूर्वजाचें सदोष बीज आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून, एकाच लेकराच्या पदरांत पडतें. यूरोपांतील अश्केनाझी यहुदी व फिनलंडचे लोक अशा कोंडलेल्या वंशांची प्रसिद्ध उदाहरणें आहेत. २०१७ सालीं आपल्याकडील २६३ जमाती तपासल्या, तर त्यांतल्या ८१ ह्या दोहोंच्याही वरताण निघाल्या. आंध्रांतील वैश्यांत तर शस्त्रक्रियेच्या वेळीं स्नायू सैल करण्यास देतात तें एक औषध लवकर न उतरणारे लोक इतरांपेक्षां कितीतरी अधिक आढळतात. शुद्धतेचा हा प्रसाद!

शास्त्रीपंडित 'संकर' ह्या शब्दाचें भय घालीत आले. आपल्या देशांत १९६५ पासून संकरित बाजरी आहे. शेतकरी पैसे मोजून तें बियाणें आणतो, कारण दोन निराळ्या वाणांचें कणीस भरून येतें. गाय भरवतांना तिच्याच बापाचा वळू तो टाळतो. आणि तोच शहाणा मुलाची सोयरीक काढतांना पांच गांवें आणि एक पोटजात ह्यांच्या बाहेर पाऊल टाकीत नाहीं!

नंदुरबार, गडचिरोलीकडे सिकलसेलचें बीज पुष्कळ आहे. तें एकाच बाजूनें आलें तर हिंवतापापासून राखतें, म्हणूनच टिकलें. दोन्ही बाजूंनीं आलें तर जन्माचें दुखणें. नवराबायको दोघेंही वाहक असलीं, तर दर बाळंतपणीं चारांत एक धोका. छत्तीस गुण जुळवून दक्षिणा घेणाऱ्या जोशीबुवांच्या पंचांगांत हा सदतिसावा नाहीं. तो २०२३ पासूनच्या सरकारी मोहिमेंत रक्ताच्या एका थेंबावर फुकट कळतो. त्या बाजूच्या मुलामुलींनीं सुपारी फुटण्याआधीं दवाखान्यांत जाऊन यावें. मुहूर्त पाहण्याची गरज नाहीं.