उकळलं की झालं?

सी-फूड बॉइल हे प्रकरण आपल्याकडे आलं ते थेट मोबाइलच्या स्क्रीनवरून. मूळचं ते अमेरिकेतल्या लुइझियानाचं. तिकडे क्रॉफिश नावाचा, चिमुकल्या लॉब्स्टरसारखा दिसणारा गोड्या पाण्यातला प्राणी पोत्याने विकत आणतात. अंगणात भलंमोठं पातेलं चढतं. मीठ, लाल तिखट, लसूण, लिंबू घातलेल्या पाण्यात क्रॉफिश, बटाटे, मक्याची कणसं आणि सॉसेज उकळतात आणि टेबलावर पेपर अंथरून सगळं त्यावर ओततात. ताट नाही, चमचा नाही, एटिकेट्सची कटकट नाही! आपण क्रॉफिशच्या जागी कोळंबी आणि चिंबोऱ्या घातल्या, एवढंच.

पार्टी झकास होते. पण नंतर पातेल्यात उरतं ते नारिंगी, घमघमणारं पाणी. आणि तिथे घराघरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘ओत सिंकमध्ये.’ दुसरा म्हणतो, ‘अगं, टाकतेस काय? उद्या त्यातच भात लाव. पुन्हा उकळलं की झालं!’

मी मनाने दुसऱ्या पक्षाची. कोकणात तिसऱ्या वाफवल्या की त्यांचं पाणी कुणी टाकत नाही. ते निवळू देतात, तळाची वाळू मागे ठेवून वरचं पाणी अलगद कालवणात ओततात. खरी चव त्यातच असते. म्हणजे हे पाणी कचरा नाही, हे आपल्याला कुठल्या शेफने सांगायला नको. पण आजीच्या आणि आपल्या पाण्यात एक मोठा फरक आहे, तो वेळेचा. तिचं पाणी तासाभरात कालवणात जायचं. आपलं रात्री दहाला गॅसवरून उतरतं, गप्पा आणि गाणी संपेपर्यंत ओट्यावर असतं आणि रविवारी अकराला कुणाला तरी त्याची आठवण होते.

आता ‘पुन्हा उकळलं की झालं’ या फण्ड्याकडे वळू. तो अर्धाच खरा आहे. उकळल्याने जिवंत बॅक्टेरिया मरतात, हे बरोबर. पण ५ ते ६० अंश सेल्सियस हा त्यांचा लाडका पट्टा. प्रोटीन उतरलेलं कोमट पाणी म्हणजे त्यांच्यासाठी बुफेच! त्यातले काही नुसते वाढत नाहीत, मागे विषही सोडतात. आपल्या हातांवरून आणि नाकातून अन्नात जाणारा स्टॅफिलोकोकस त्यातलाच. त्याचं विष उकळीलाही दाद देत नाही. मसाल्यांत आणि भातात सापडणाऱ्या बॅसिलस सिरियसचे बीजाणू पहिल्या उकळीतून सहीसलामत सुटतात आणि पाणी कोमट झालं की जागे होतात. वासावरून काही कळेल म्हणाल, तर या विषांना वास नसतो.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम : शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको. आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तर एकच तास धरा. त्यापुढे गेलेलं पाणी सरळ टाकायचं. कोळंबी कितीही महाग असली तरी!

पाणी ठेवायचंच असेल तर जेवायला बसण्याआधी ठरवा. गरम असतानाच बारीक गाळणीतून गाळा. झाकण घातलेलं मोठं पातेलं तासन् तास कोमट राहतं आणि तसंच फ्रिजमध्ये कोंबलं तर शेजारचं दूधही तापतं. त्यापेक्षा पाणी दोन-तीन पसरट भांड्यांत वाटा, ती सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि गार झाली की फ्रिजमध्ये टाका. तीन दिवसांत संपवा. नाहीतर आइस-ट्रेमध्ये गोठवा, दोन-तीन महिने चिंता नाही. वापरताना मात्र खळखळून उकळी हवीच. आणि हो, हे पाणी प्रचंड खारट असतं. एका वाटीत दोन-तीन वाट्या साधं पाणी घाला आणि वरून मीठ घालूच नका. जेवताना सगळ्यांनी हात बुडवलेलं बटर-सॉस मात्र ‘उरलं’ म्हणून ठेवायचं नसतं, बॉस!

चिंबोऱ्यांचा मामला थोडा वेगळा. त्यांच्या कवचातल्या पिवळसर-हिरवट गरात कॅडमियमसारखे धातू आणि इतर प्रदूषक साठतात आणि अख्खी चिंबोरी उकळली की ते पाण्यात उतरतात. न्यूयॉर्क राज्याचा आरोग्य विभाग तर खेकडे उकळलेलं पाणी टाकूनच द्या, असं सांगतो. कॅलिफोर्नियात २०१५ साली समुद्री शेवाळातून येणाऱ्या डोमोइक अ‍ॅसिडमुळे डन्जनेस खेकड्यांचा सीझनच लांबला होता. अशा वेळी तिथेही हेच सांगतात, कारण ते विष उकळून जात नाही. तेव्हा चिंबोरी कुठल्या खाडीतली, हे माहीत नसेल तर त्या पाण्याचा मोह नकोच. कोळंबीचं पाणी त्या मानाने सोपं.

आणि आता माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. माझ्या रूममेटला कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे. अशा पार्टीत तिला हमखास ऐकवलं जातं, ‘तू नुसतं कणीस खा ना, बटाटे खा!’ प्रेमानेच म्हणतात सगळे. पण कोळंबी-खेकड्यांची अ‍ॅलर्जी बहुतेकदा ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रोटीनची असते. ते उष्णतेने मोडत नाही आणि पाण्यात बिनधास्त उतरतं. म्हणजे त्या पातेल्यातलं कणीस तिच्यासाठी कोळंबीच! आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात शिजलेला भात तर जास्त धोक्याचा, कारण त्यात कोळंबी दिसतच नाही. घसा सुजायला, श्वास अडकायला काही मिनिटं पुरतात. शिळ्या पाण्याने पोट बिघडलं तर बहुतेकदा दोन दिवसांत सावरतं, इथे मात्र मध्यरात्री हॉस्पिटल गाठावं लागू शकतं. तुमच्या व्हेज फ्रेण्ड्सचाही विचार करा. त्यांना न सांगता हा भात वाढणं ही फसवणूकच.

आमच्या घरात त्यासाठी दोन नियम आहेत. तिची कणसं वेगळ्या, स्वच्छ पातेल्यात आणि आधी उकळतात. आणि गोठवलेल्या पाण्याच्या डब्यावर जाड मार्करने लिहिलेलं असतं : कोळंबी, तारीख अमुक. दिसायला टॅकी आहे, मान्य. पण बर्फ झाल्यावर टोमॅटो सूप आणि कोळंबीचं पाणी यातला फरक भल्याभल्यांना कळत नाही.

तेव्हा पाणी ठेवायचं की टाकायचं, हे ओट्यापाशी उभं राहून वास घेऊन ठरवू नका. किती वेळ बाहेर होतं, कशाचं आहे आणि कोण खाणार, या तीन प्रश्नांची उत्तरं पक्की असतील तर खुशाल भात लावा. एकाचं जरी उत्तर ‘बहुतेक’ असं आलं, तर सिंक आहेच की!